भोईवाड्याचे ब्रेकमिस्त्री

मला दोन माणसांनी फसवले, आणि दोघांनीही एकाच दिवशी. सकाळी भोईवाड्याच्या मिस्त्रींनी आणि संध्याकाळी आमच्या गल्लीच्या कमिटीच्या चिटणिसांनी. मिस्त्रींशी माझे भांडण पुढे मिटले. चिटणिसांशी मिटलेले नाही आणि ते तसेच मिटवायची माझी तयारीही नाही. पण आधी मिस्त्रींविषयी लिहिते, कारण तो माणूस कसा होता हे कळल्याशिवाय माझी तक्रार कुणाला पटायची नाही.

मिस्त्री गाडीच्या कामाला पांढरा शर्ट घालून येत. धुतलेला, निळीचा, इस्त्री केलेला. बाकीचे मिस्त्री खाकी घालतात, नाहीतर उघडेच गाडीखाली शिरतात. हे लग्नाला निघाल्यासारखे येत, फूटपाथवर गोणपाट अंथरत आणि त्या शर्टासकट पाठीवर सरपटत आत जात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, या माणसाच्या घरी कपडे धुणारे कुणी नसावे. तर बायको होती, आणि ती रोज त्यांच्या नावाने खडे फोडत असे. पण मिस्त्रींचे म्हणणे, गळती पांढऱ्यावर दिसते तशी खाकीवर दिसत नाही. बाहेर आले की शर्ट काढून ते उजेडात धरत. काळपट डाग असला तर इंजिनाचे तेल. तिकडे ते फारसे लक्ष देत नसत. पण कडेला पिवळसर आणि मध्ये जवळजवळ पाण्यासारखा डाग दिसला की तो नाकाजवळ नेत, मग जिभेला लावत आणि म्हणत, "एरंडेल." त्या काळी ब्रेकच्या तेलात एरंडेल असे. एरंडेल म्हणजे ब्रेक गळतो आहे. मग त्या गाडीला तिथून हलू देत नसत.

त्यांना दुकान नव्हते. भोईवाड्यात एका लांबलचक भिंतीला लागून त्यांची फूटपाथवरची जागा होती आणि लढाईत लष्करी वर्कशॉपात काम करताना मिळालेली एक लोखंडी पेटी होती. इंजिनाचे काम घेऊन गेलात तर दुसरीकडे पाठवत. "गाडी चालवून देणारे पुष्कळ आहेत," म्हणत, "मी थांबवून देतो."

मी लालबागेत मसाला विकत असे. मालवणकडून आले तेव्हा माझ्याजवळ एक मुसळ होते. उखळसुद्धा शेजारणीचे. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. त्यानंतर मी खानावळींना मसाला कुटून द्यायला लागले, आधी लालबाग-परळच्या, मग दादरच्या, मग गिरगावच्या. डोक्यावरून माल नेऊन मान गेली, तेव्हा गिरगावातल्या एका बेकरीची जुनी पावाची गाडी घेतली. लढाईच्या आधीची. तीन आठवडे रोज जाऊन मी त्या बेकरीवाल्याचे डोके खाल्ले आणि शेवटी गाडीबरोबर स्टेपनी आणि ताडपत्रीही पदरात पाडून घेतली. दोन्ही अंगांना तांबड्यावर पिवळ्या अक्षरांची पाटी रंगवली : माझे नाव, खाली 'मालवणी मसाला', खाली 'लालबाग'. गाडी चालवायला बहिणीचा मुलगा होता, तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप. त्या पाटीसारखी सुंदर वस्तू माझ्या आयुष्यात दुसरी नव्हती. हे मी न लाजता सांगते.

मिस्त्रींची गाठ पडली ती भाच्याच्या अकलेमुळे. ब्रेकचे तेल कमी झाले, तर याने गिरणीतल्या मित्राकडून बाटलीभर स्पिंडल ऑइल, सूत कातायच्या चात्यांना घालतात ते, आणून ओतले. गिरणगावात कसलेही तेल लागले तर ते गिरणीतून येते. शिवणयंत्राला तेच, बिजागरीला तेच, कुणाचा गुडघा दुखला तरी तेच. आठ दिवसांत चाके धरून बसली. मिस्त्रींनी तेलात बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकले.

"हे कुणी ओतलं?"

"मी," भाचा म्हणाला.

"कुठल्या खात्यातलं?"

"रिंग खात्यातलं."

"चातीला चांगलं आहे. रबराला विष आहे." त्यांनी चाक उघडून आतली रबरे माझ्या तळहातावर ठेवली. भिजवलेल्या वालांसारखी टम्म फुगली होती. "बाई, तुमच्या मसाल्यात कुणी लाकडाचा भुसा घातला तर तुम्ही काय कराल?"

"हात मोडीन त्याचा."

"मग याला काही बोलू नका. पण बाटली गिरणीत परत पाठवा."

मजुरीवर मी घासाघीस सुरू केली, ती तर माझी सवयच. मिस्त्री शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, पाव भाग कमी करतो." मला वाटले जिंकले. तर लगेच विचारतात, "चारातलं कुठलं चाक सोडून देऊ तेवढं सांगा." त्यानंतर मी त्यांच्याशी भाव केला नाही. मुंबईत मी भाव न करता पैसे दिलेला हा एकच माणूस.

त्यांची दुसरी तऱ्हा याहून वाईट. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की पायाखालचा दांडा लोण्यात शिरावा तसा खाली जातो. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एक खाली पडून चाकाजवळचा स्क्रू उघडतो, दुसरा वर बसून दांडा दाबतो. ड्रायव्हर वर बसतो, अशीच सगळीकडे रीत. पण मिस्त्रींनी भाच्याला उतरवले.

"गाडी कुणाची?"

"मावशीची."

"मग मावशी बसतील. ज्याची गाडी त्याच्या पायाला कळलं पाहिजे."

मी नऊवारी लुगड्यात, भर भोईवाड्यात, येणारी-जाणारी माणसे थांबून बघताहेत, आणि खालून आवाज येतो आहे : "दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा, बाई, धरा म्हणतोय ना! सोडा." एक म्हातारा कोर्टाच्या तारखेला चालला होता, तो तारीख विसरून उभा राहिला. तासाभराने दांडा दगडासारखा कडक लागला, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही. पण त्या दिवसापासून गाडीचा ब्रेक कसा आहे हे मला पाय ठेवल्याबरोबर समजू लागले.

आणि परीक्षा. काम झाल्यावर मिस्त्री गाडी परळहून प्रभादेवीकडे उतरणाऱ्या पुलावर न्यायला लावत. स्वतः चाळीसेक पावले उतरून रस्त्याच्या मध्ये उभे राहत, गाडीकडे पाठ करून, हात मागे बांधून. तिथून ओरडत, "येऊ द्या!" भाच्याला घाम फुटे. पहिल्या वेळी मीच खिडकीतून ओरडले, "अहो, निदान तोंड तरी इकडे करा!"

"तोंड केलं तर मी पळेन, बाई!"

गाडी त्यांच्या पाठीपासून दोन हातांवर थांबली. ते वळले, अंतर पाहिले आणि म्हणाले, "चालेल. पण डावं पुढचं जरा उशिरा धरतंय."

एकाच्या गाडीचे दुखणे ते दुसऱ्याला सांगत नसत. कुणी गप्पा मारायला आला की त्याला वर बसवून दांडा दाबायला लावत. त्यामुळे त्यांच्याकडे गप्पा मारायला कुणी फारसे येत नसे आणि गल्लीबोळातल्या बातम्याही त्यांच्यापर्यंत पोचत नसत. हे पुढे मला फार महाग पडले.

ते नुकतेच बौद्ध झाले होते. खंडेनवमीला मी गाडीच्या पूजेला बोलवायला गेले, तर त्यांनी नट खोलायचे सगळे पाने रॉकेलमध्ये धुऊन उन्हात ओळीने मांडले होते. "पूजा सोडली, बाई. धुतो तेवढं," म्हणाले. पेढा मात्र आवडीने खाल्ला. मी माझी पूजा करून घेतली. आमच्याकडे दर दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, चाकांना कुंकू, आणि आदल्या दिवशी खालचे सगळे लोखंड भाच्याने काळ्या जपान रंगाने रंगवायचे. सांधे, दांडे, पाइप, काही म्हणून सोडायचे नाही. खाली वाकून पाहिले तर नवी गाडी वाटावी. मला त्याचा अभिमान होता.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणीच्या गेटवर सभा, चाळीच्या चौकात सभा. गोळीबारात माणसे गेली होती, आणि त्यांची नावे घेताना आमच्या बायका हातातले काम थांबवत. मीही मिरच्या निवडता निवडता 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत असे, आणि मनापासून म्हणत असे. मुंबईत मी मुसळ घेऊन आले होते. ती माझ्या हातून कुणी काढून घेणार असेल तर मी गप्प बसणार होते थोडीच?

आमच्या गल्लीची कमिटी होती. तिचे चिटणीस एका कचेरीत कारकून होते. गोरे, नीटनेटके, बोलायला लागले की लोक ऐकत राहत. हरताळाच्या दिवशी मोठा मोर्चा ठरला, तेव्हा ते दोघाचौघांना घेऊन माझ्या दुकानात आले.

"मावशी, गाडी हवी. लाउडस्पीकर लावायचा आहे."

"घ्या की. गाडी माझी, पेट्रोल तुमचं."

"चालेल. दोन्ही बाजूंना फलक बांधू."

"फलक टपावर बांधा. पाटी झाकायची नाही."

"अहो, मोर्चा संयुक्त महाराष्ट्राचा आहे, मसाल्याचा नाही."

"मग तुमचा महाराष्ट्र काय अळणी जेवणार आहे?"

दुकानातली माणसे हसली. चिटणीस हसले नाहीत. अर्धा तास ओढाताण झाली आणि एका बाजूची पाटी झाकायची, एका बाजूची उघडी ठेवायची असा सौदा ठरला. त्याच दिवशी गल्लीत सगळ्यांना कळले की लाउडस्पीकर माझ्या गाडीवर. बायका येऊन सांगून गेल्या, "आक्का, शोभतंय हां तुम्हांला."

मोर्च्याच्या आदल्या दुपारी गाडी वडाळ्याहून येत होती. नायगावच्या नाक्यावर भाच्याने ब्रेक दाबला आणि पाय फळीला टेकला. गाडी थांबेना. त्याने हातब्रेक ओढला, गिअर पाडला, फूटपाथच्या कडेला चाक घासत घासत कशीबशी थांबवली. पुढे डोक्यावर ओझे घेतलेला एक हमाल होता, तो थोडक्यात वाचला. तशीच रखडत गाडी भोईवाड्याला नेली आणि मला निरोप आला. मी पोचले तेव्हा मिस्त्रींचा पांढरा शर्ट छातीवर ओला होता.

"बाई, खाली या."

"मी?"

"गाडी कुणाची?"

आले गोणपाटावर, लुगडे सावरून, पाठीवर. खाली मागच्या चाकाकडे जाणारा करंगळीहून बारीक पाइप होता, काळा चकचकीत. मिस्त्रींनी नखाने खरवडले. रंगाचे सालपट निघाले. त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी. मग रंगच संपला आणि आत नुसती तांबडी पूड. ती आमच्या दोघांच्या तोंडावर पडली.

"हा पाइप?"

"पाइप होता. आता चार दसऱ्यांचा रंग आहे. तेल इतके दिवस रंगानं धरलं होतं." त्यांनी ती पूड कागदावर झाडून माझ्यापुढे धरली. "तुम्ही तिखटातल्या जाणत्या आहात. ही कुठल्या प्रतीची?"

"तिसऱ्या," मी म्हटले. तोंडातून निघून गेले.

"गाडीत काय भरता?"

"मसाला."

"मसाल्यानं लोखंडाचं असं होत नाही."

भाचा बाहेरून वाकून म्हणाला, "मीठसुद्धा असतं."

होते. वडाळ्याच्या मिठागरांतून लोणचेवाल्यांचे मीठ आणायचा सौदा मीच केला होता. माल टाकून गाडी रिकामी परत कशाला यायची, म्हणून. ओल्या गोणींचे पाणी फळ्यांतून खाली पाइपावर ठिबकत होते, आणि वरून आम्ही दर दसऱ्याला रंग देत होतो. मिस्त्री यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते. न बोलल्याने अंगाची आग झाली.

भाच्याने तोड काढली. लॉरीवाले करतात तशी. गळणाऱ्या चाकाचा पाइप पक्कडीने चेपून बंद करायचा, म्हणजे तेल बाहेर पडत नाही आणि बाकीच्या तीन चाकांवर काम भागते. मी म्हटले, "उद्याच्या दिवसापुरतं करा, मिस्त्री. उद्या मोर्चा आहे. माझा शब्द गेलाय."

"एका ठिकाणी गेलेला पाइप दुसऱ्या ठिकाणी शाबूत असतो का, बाई? उद्या दुसरीकडे फुटेल."

"ते मी बघीन. उद्या आठला गाडी देता की नाही तेवढं बोला. नाहीतर ओढून दुसरीकडे नेते."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. "देतो," म्हणाले. "आठला या."

मी आठच्या आधीच गेले. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चारही चाके काढून भिंतीला लावलेली. जुना पाइप, पुढून मागेपर्यंतचा सगळा, तुकडे तुकडे करून फूटपाथवर सरळ मांडलेला. नवा पाइप वेटोळे करून पेटीवर ठेवलेला. मिस्त्री गाडीखाली, फक्त पाय बाहेर.

मी काय काय बोलले ते इथे लिहिता यायचे नाही. भोईवाड्यातल्या खिडक्या उघडल्या. मिस्त्री खालूनच म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर तुम्ही गाडी नेली असती."

"म्हणून खोटं बोललात? तुम्ही?"

"हो."

"मेल्या, माझी अब्रू तिकडे चौकात टांगलीय!" रागाने मी पुढचे झाकण उघडले. काहीतरी करून गाडी ओढून न्यावी असा वेडा विचार होता. तर बॅटरीची जागा रिकामी. "माझी बॅटरी खंय?"

"चार्जिंगला दिलीय."

"कुणी सांगितलं होतं?"

खालून पाना फिरल्याचा आवाज आला. मी पाय आपटत निघाले. चौकात चिटणिसांना सांगायला गेले, तर गर्दीत ते भेटलेच नाहीत. मोर्चा निघाला होता. लाउडस्पीकर एका हातगाडीवर बांधला होता. मी घरी गेले नाही. गेले असते तर लोकांना बोलायला आणखी सापडले असते. पदर खोचला आणि मोर्च्यात शिरले.

त्या पुलावर काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. चढ चढून मोर्चा प्रभादेवीच्या बाजूला उतरू लागला. रस्ता या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत माणसांनी भरलेला. एकदम पुढे पोलिसांनी अडवले. पळापळ होऊ नये म्हणून पुढाऱ्यांनी सांगितले, बसा. उतारावर, जिथे होत्या तिथे, बायका मुलांना मांडीवर घेऊन बसल्या. मागे हातगाडी होती. ती सहाजणांनी टाचा रोवून, दोर पाठीला लावून धरली, तरी ती दोन हात पुढे सरकली. एका बाईने पोराचा पाय ओढून घेतला. हातगाडीला सहा माणसे पुरली नव्हती. माझ्या गाडीला चेपलेला पाइप पुरला असता का, हे मला कुणी समजावून सांगायला नको होते. ते मला तिथेच कळले. मिस्त्रींवरचा राग मात्र त्यामुळे कमी झाला नाही. माणूस बरोबर असला म्हणून त्याच्यावर रागावू नये असे थोडेच आहे.

संध्याकाळी चौकात सभा झाली. मी पुढेच बसले होते. चिटणीस बोलायला उभे राहिले. सगळ्यांचे आभार मानून झाले, मग आवाज खाली आणला. "पण आपल्यातच काही असे आहेत," ते म्हणाले, "की ज्यांना महाराष्ट्रापेक्षा आपल्या दुकानाची पाटी मोठी वाटते. ऐन वेळी शब्द फिरवणाऱ्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी मागून म्हणाले, "फितूर!" मी उठून ओरडले, "गाडी खोललीय हो! ब्रेक गेलाय!" माझा आवाज लालबागेत प्रसिद्ध आहे. पण हातगाडीवरच्या त्या लाउडस्पीकरपुढे काय चालणार? त्यांनी घोषणा द्यायला सुरुवात केली आणि माझे ओरडणे त्यात बुडून गेले.

पुढचे सांगते. गिरणी कामगारांच्या नऊ खानावळी माझा मसाला घेत, आठवड्याभरात त्यांतल्या सातांनी तो घेणे बंद केले. नव्या पाइपाची गाडी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दोन्ही पाट्यांवर कुणीतरी डांबर फासले. नळावर मी गेले की बायका बोलणे थांबवत. ब्रेकचे मी ज्याला त्याला सांगितले, कुणाला पटले नाही. भाचा म्हणाला, "मावशी, मला पोरंबाळं आहेत," आणि दुसरीकडे नोकरीला लागला. राज्य झाले तेव्हा चौकात मोर्च्यात चाललेल्या बायकांची ओटी भरली. मीही चालले होते. मला बोलावणे आले नाही. धंदा मी पुन्हा उभा केला, गिरगावात आणि माटुंग्यात नवी गिऱ्हाइके शोधून. एक एक दार. पण लालबागेत मी म्हणजे पाटीसाठी गाडी नाकारणारी बाई, ती आजतागायत.

मिस्त्रींकडे मी वर्षभर गेले नाही. मग जावेच लागले, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताखालचा ब्रेक माझ्या पायाला पटेना. त्यांनी काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. मला वाटे, यांना सगळे ठाऊक आहे आणि तरी हा माणूस गप्प आहे. मीठ मात्र मी त्यानंतर वाहिले नाही, आणि दसऱ्याला गाडीखाली रंग लावू दिला नाही.

बारा-तेरा वर्षांनी गाडी भंगारात द्यायची ठरली, तेव्हा शेवटची म्हणून मी ती त्यांना दाखवायला त्यांच्या दारात नेली. नजर गेली होती, पण शर्ट पांढराच. त्यांनी झाकण उघडून आत हात फिरवला आणि हसले.

"इथली बॅटरी दिसली नाही तेव्हा केवढ्या ओरडल्या होतात, बाई. हातगाडीचा लाउडस्पीकर तिच्यावरच तर चालला."

"काय म्हणालात?"

"सकाळी सातला खांद्यावरून नेऊन दिली मी. तुमच्या चिटणिसांच्या हातात. गाडी जात नाही तर निदान बॅटरी तरी जाऊ दे म्हटलं."

"आणि मला चार्जिंगचं सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर बॅटरीला पाटी लावायला लावली असती." मग माझा चेहरा त्यांना दिसला नसला तरी काहीतरी जाणवले असावे. "का? चिटणिसांनी सांगितलं नाही? मी म्हटलं होतं त्यांना. गाडी मी खोललीय, बाईंना न विचारता. बॅटरी बाईंची आहे. दोन्ही गोष्टी लाउडस्पीकरवरून सांगा."

"मग काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

मी त्यांना सगळे सांगितले. फितूर, डांबर, खानावळी, सगळे. मिस्त्रींनी गाडीचे झाकण बंद केले. "मी मोर्च्याला नव्हतो, बाई," म्हणाले. "दिवसभर तुमच्या गाडीखाली होतो. मला वाटलं, सांगितलं असेल." मग घरात गेले, धुतलेला शर्ट घालून आले आणि म्हणाले, "चला."

आम्ही माटुंग्याला गेलो. चिटणीस तिथे नव्या जागेत राहायला गेले होते. मला त्यांनी खुर्ची दिली. मिस्त्रींना बसा कुणी म्हटले नाही. मिस्त्रींनी दारातच उभे राहून ती सकाळ जशीच्या तशी सांगितली.

"मला काही आठवत नाही," चिटणीस म्हणाले.

"मला आठवतं," मिस्त्री म्हणाले.

"मावशी, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता? महाराष्ट्र झाला ना?"

मी मिस्त्रींना घेऊन खाली आले. जिना उतरताना ते म्हणाले, "तुमचं नुकसान माझ्या खोट्यानं झालं, बाई." मी म्हटले, "तुमच्या खोट्यानं माणसं वाचली. माझं नुकसान त्यांच्या गप्प बसण्यानं झालं." त्यानंतर आमच्यात भांडण उरले नाही. पुढच्या वर्षी मिस्त्री गेले. त्या सकाळचा साक्षीदार आता माझ्या बाजूला कुणी नाही, म्हणून मी हे छापायला देते आहे.

चिटणीस हयात आहेत. दर एक मेला ते लालबागच्या चौकात येतात, हार घेतात आणि त्या मोर्च्याची आठवण सांगतात. या वर्षी मीही येणार आहे आणि पुढे बसणार आहे. त्यांनी लाउडस्पीकर हातात घ्यावा आणि लोकांसमोर मला उत्तर द्यावे. त्या दिवशी तुम्ही ज्या बॅटरीवर मला फितूर ठरवलेत, ती बॅटरी कुणाची होती? ती खांद्यावरून आणून देणाऱ्या माणसाने तुम्हाला काय सांगितले होते? आणि तुम्ही त्याला बघतो म्हणालात, तर इतक्या वर्षांत काय बघितलेत?